पाच कीवर्ड विचार करून दे

क्रेट, म्हणजे रस्ट भाषेतलं कोडचं पॅकेज, पब्लिश करण्याआधी कार्गो डॉट टोमल या त्याच्या माहितीच्या फाइलमधली कीवर्डची ओळ नीट बघ. क्रेट्स डॉट आयओवर, म्हणजे क्रेट जिथे पब्लिश होतात त्या साइटवर, फक्त 5 कीवर्ड चालतात, प्रत्येक जास्तीत जास्त 20 अक्षरांचा. त्यातला एक 'रस्ट'वर घालवू नकोस, तिथलं सगळंच रस्टसाठी असतं! तुझं क्रेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती) वाचतं ना? मग अडलेला माणूस सर्चमध्ये जे टाइप करेल तेच दे: 'सीएसव्ही', 'पार्सर' (मजकूर वाचून त्याचे भाग वेगळे करणारा कोड). कॅटेगरी मात्र ठरलेल्या यादीतूनच घ्यावी लागते. इथे नवीन लोक हमखास चुकतात. 'पार्सिंग' ही पार्सर बनवायच्या साधनांसाठी आहे. तुला हवी ती 'पार्सर-इम्प्लिमेंटेशन्स'. नंतर काही बदलायचं तर नवीन व्हर्जन काढावं लागतं, म्हणून आत्ताच थोडा वेळ दे.