स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ गोळ्या घेतो, पण दिवसभर पडून असतो. त्याला संस्थेत ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ३४ वर्षांचा आहे, भास थांबलेत, गोळ्या चुकत नाहीत, पण बारा वाजेपर्यंत अंथरुणातच असतो. आई-वडील सत्तरीत, आणि नातेवाईक म्हणतात, 'कुठेतरी ठेवून द्या.'

माझ्या ताईला हा आजार होऊन १९ वर्षं झाली. त्यातले सात महिने आम्हीही तिला एका खासगी निवासी संस्थेत ठेवलं होतं, त्यामुळे ठेवणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. गोळ्या वेळेवर मिळायच्या, जेवण आयतं. पण घरी आली तेव्हा तिला गॅस पेटवायची भीती वाटत होती. चहा करणं ती विसरली नव्हती, तिला कुणी करूच दिला नव्हता. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: जिवाला धोका असेल, आजार उफाळला असेल तर भरती करावंच लागतं. पण नुसतं पडून राहतो म्हणून घराबाहेर काढू नका.

पडून राहणं म्हणजे आळस नव्हे. डॉक्टर ज्यांना निगेटिव्ह लक्षणं म्हणतात, म्हणजे आजारामुळे इच्छा, उत्साह, बोलणं कमी होणं, त्यातलं ते एक असू शकतं. कधी गोळ्यांची झापड असते, कधी नैराश्य. भास आणि संशयावर गोळी जितकी चालते, तितकी या मरगळीवर चालत नाही. आम्ही वर्षानुवर्षं डॉक्टरांना 'बरी आहे' एवढंच सांगायचो. मग एकदा वहीत लिहून नेलं: किती वाजता उठली, आंघोळ किती दिवसांनी, कुणाशी बोलली. त्यांनी सकाळची गोळी रात्रीवर नेली आणि सकाळचे दोन तास परत मिळाले. (वेळ तुमच्या मनाने बदलू नका.)

पण ते दोन तास भरायचे कशाने? गोळी तेवढं करत नाही, त्याला माणसं लागतात. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला आधी ते फार गोडगोड वाटलं होतं, आता तोंडात बसलंय. आम्ही ताईला दिवसाच्या केंद्रात न्यायला लागलो तर पहिल्या दिवशी ती रिक्षातून उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात पाकिटं चिकटवायला बसली, तीही पाठ करून. चार महिन्यांनी एक दिवस मी न्यायला उशिरा गेलो तर मलाच रागावली. त्या रागाचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शुभंकरांच्या बैठकीलाही आई-वडिलांना पाठवा. तिथे 'आमच्या घरी असलं कुणी नाही' असं म्हणावं लागत नाही.

मोठं शहर नसेल तरी अगदीच अडत नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्यातल्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षण दिलेले सामुदायिक कार्यकर्ते घरी जायचे, घरच्यांशी बोलायचे, गोळ्या आणि रोजची कामं बघायचे. नुसत्या दवाखान्यापेक्षा फरक जास्त पडला, पण थोडाच. थोडाच म्हणाले म्हणून माझा त्यावर विश्वास बसला. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची फोन-सेवा) मराठीतून बोलता येतं. आमच्याकडे अर्धं काम कोपऱ्यावरच्या वाण्याने केलं. त्याला खरं सांगून ठेवलंय. ताई एकटी जाते, तो चिल्लर मोजायला घाई करत नाही.

आता 'आमच्यानंतर काय' हा आई-वडिलांचा प्रश्न. त्याला कागद लागतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. आई किंवा वडील सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते हयात असतानाच पेन्शन कार्यालयात त्याचं नाव आणि कागद देऊन ठेवा, मागून धावपळ फार होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भावाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना त्याला साथ देणारा माणूस, नेमता येतो. तो बरा असतानाच त्यालाच विचारा, कोण हवं? ताईने माझं नाव घेतलं नाही, मावसबहिणीचं घेतलं. दोन दिवस मी फुगून बसलो होतो.

तुम्ही गाव लिहिलं नाहीत. आणि आजाराआधी भाऊ काय करायचा, तेही नाही. क्रिकेट, सायकल, तबला, काहीही असेल ते कळवा. ताईचं विणकाम होतं, केंद्रातल्या बाईंनी तिच्या हातात पाकिटांनंतर तेच दिलं.