लेकीच्या एफडीला हात लावू का?

‘ताई, मी इचलकरंजीत राहते, घरी शिवणकाम करते. ब्लाउज शिवून शिवून लेकीच्या लग्नासाठी 4 लाखांची एफडी केली आहे, माझ्या नावावर, 7 टक्क्यांनी. मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर 1,80,000 रुपये थकलेत. निम्मे सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे, बाकी फ्रीज, मोबाइल, इकडचं तिकडचं. महिन्याला 9,000 भरतो. व्याज साडेतीन टक्के आहे म्हणे. ते म्हणतात, एफडी मोड. मी म्हणते, लेकीचा पैसा आहे, मरेपर्यंत हात लावणार नाही. आठ दिवस घरात अबोला आहे. माझं चुकतंय का?’

हिशेबात चुकतंय, बाई. तो आधी मांडते, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं बोलता येईल.

साडेतीन टक्के हे महिन्याचे आहेत, वर्षाचे नव्हेत. 1,80,000 वर महिन्याचं व्याज 6,300 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 1,134. म्हणजे तुमच्या 9,000 पैकी 7,434 असेच जातात आणि मुद्दल हलतं जेमतेम 1,566 नं. तेवढ्याच रकमेवर तुमची एफडी महिन्याला देते 1,050. एका हातानं हजार घ्यायचे आणि दुसऱ्यानं सात हजार सोडायचे, असं चाललंय.

तुम्हाला शाळेत गणित येत नव्हतं म्हणून हे घडत नाही. पैसे मनातल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे आणि एकातले दुसऱ्याला लावायचे नाहीत, ही माणसाची खोडच आहे. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानं याच खोडीचा अभ्यास केला. 2017 साली त्याला नोबेल मिळालं. तो डस्टिन हॉफमनचा किस्सा सांगतो. हॉफमन तेव्हा धडपडणारा नट होता. त्यानं मित्राकडे, जीन हॅकमनकडे, उसने पैसे मागितले. हॅकमन त्याच्या घरी जाऊन बघतो तर बरण्यांत पैसे! एकीवर ‘भाडं’, आणखी एकीवर दुसरं काही. रिकामी होती ती फक्त ‘जेवण’ लिहिलेली.

आमची आई काय वेगळं करायची? मोहरीच्या डब्यात दुधाचे, मेथीच्या डब्यात फीचे, आणि डाळीच्या तळाशी वडिलांना ठाऊक नसलेले. मी त्याला हसणार नाही. ते डबे होते म्हणून आमची फी वेळेवर गेली. ज्या पैशावर नाव नसतं तो कुणाच्याही चहात विरघळतो, आणि तुमचे 4 लाख उभे राहिले तेही त्यावर लेकीचं नाव होतं म्हणूनच. फक्त तुमच्या मनात एफडीचा डबा ‘माझा’ आहे आणि कार्डाचा ‘त्यांचा’. त्यांच्या डब्याला भोक पडलंय, ते तुम्हाला तुमचं वाटतच नाही. पण महिन्याचे 9,000 एकाच घरातून जातात ना?

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत ते. तुम्हाला व्याजाची भीती नाही. एकदा डबा उघडला की तो पुन्हा भरणार कोण, ही भीती आहे. आज गुडघा, उद्या गाडी. ही भीती अगदी रास्त आहे, आणि मिस्टरांनी ‘मोड’ म्हणण्याआधी तिचं उत्तर द्यायला हवं होतं.

म्हणून एफडी मोडू नका. ज्या बँकेत ती आहे तिथंच तिच्या तारणावर कर्ज मिळतं, सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीनं. 9 टक्के धरले तर पहिल्या महिन्याचं व्याज 1,350. कार्ड एकरकमी फेडा आणि तेच 9,000 या कर्जात भरा. साधारण 22 महिन्यांत सगळं फिटतं. पावती जागेवर राहते, लेकीचं नाव पुसलं जात नाही. कार्डाची मर्यादा मात्र बँकेला सांगून कमी करून घ्या, नाहीतर दिवाळीत पुन्हा फ्रीज येईल.

मिस्टरांशी बोलताना सासऱ्यांच्या गुडघ्यापासून सुरुवात करू नका. तो खर्च कुणीही केला असता, आणि तो काढलात की ते मुलगा म्हणून बोलायला लागतील, नवरा म्हणून नाही. वरचे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, बस्स.

बँकेत दोघं मिळून जा. कर्ज तुमच्या नावावर निघेल, म्हणून हप्ता त्यांच्या पगाराच्या खात्यातून आपोआप कापण्याची सूचना तिथंच द्यायला लावा. त्यांची सही आधी होऊ दे, मग तुमची.