धर्मादाय त्वचारोग रुग्णालय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उपचार, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे करणाऱ्या धर्मादाय त्वचारोग रुग्णालयांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : त्वचेच्या आजाराने सहसा जीव जात नाही. मग त्यासाठी खाटांचे स्वतंत्र रुग्णालय कशाला?

बहुतेक त्वचारोग जीवघेणे नसतात हे खरे. परंतु जे असतात ते फार वेगाने जीवावर उठतात. पेम्फिगस या आजारात अंगभर फोड येऊन फुटतात, काही औषधांच्या तीव्र प्रतिक्रियेत भाजल्यासारखी कातडी सुटून येते आणि उघड्या पडलेल्या अंगातून पाणी, प्रथिने व उष्णता सतत जात राहते. त्यातच जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. अशा रुग्णाला उबदार खोली, न चिकटणारी मलमपट्टी आणि कातडी न ओढता त्याची कूस कशी बदलावी हे शिकलेली परिचारिका लागते. सर्वसाधारण वॉर्डात हे कौशल्य क्वचितच असते. उरलेल्या आजारांचा भार वेगळ्या प्रकारचा आहे. खाजेने झोप उडते, माणूस कामावर आणि चारचौघांत जाणे टाळू लागतो. हा भार मोजण्यासाठी १९९४ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांची एक साधी पत्रिका तयार केली आणि ती आज जगभर वापरली जाते.

प्रश्न : माझ्या वडिलांना सोरायसिस आहे. तपासणीच्या वेळी पाच-सहा विद्यार्थी भोवती उभे राहतात आणि वडिलांना फार संकोच वाटतो. उपचार मोफत असल्यामुळे आम्ही नाही म्हणू शकतो का?

होय, निःसंकोच म्हणू शकता, आणि त्यामुळे त्यांच्या उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये. मोफत उपचारांची परतफेड म्हणून शरीर दाखवण्याचे कोणतेही बंधन रुग्णावर नसते. विद्यार्थी आत येण्यापूर्वी परवानगी विचारणे, पडदा ओढणे, जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा करणे आणि चर्चा रुग्णाच्या डोक्यावरून न करता त्याच्याशी बोलत करणे, एवढे शिक्षकाने पाळलेच पाहिजे. जिथे हे पाळले जात नाही तिथे विद्यार्थी रोगनिदान शिकत असतील. पण त्याबरोबर रुग्णाकडे दुर्लक्ष करणेही शिकतात.

तरीही वडिलांनी विचार करावा असे मला मनापासून वाटते, कारण ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. पाठ्यपुस्तकांतील बहुसंख्य छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात आणि त्यांत लालभडक दिसणारा चट्टा सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो. केवळ छायाचित्रांवर शिकलेल्या डॉक्टरला तो ओळखता येत नाही. कुष्ठरोगात कोपरामागची जाड झालेली नस बोटांखाली जाणवावी लागते, आणि ती जाणीव अनेक हात तपासल्यावरच येते. एक-दोनच विद्यार्थी असावेत, अशी अट घालून वडील होकार देऊ शकतात. छायाचित्राची परवानगी मात्र वेगळी आहे. तपासणीला दिलेल्या होकारात ती येत नाही. चेहरा, गोंदण किंवा जन्मखूण दिसत असल्यास अधिक काळजी घ्यावी आणि कोणाच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू देऊ नये.

प्रश्न : माझ्या हाताच्या कातडीचा तुकडा काढला आणि नंतर संशोधनाच्या कागदावर सही मागितली. गरिबांवर प्रयोग होतात, असे शेजारी म्हणतात. यात तथ्य आहे का?

ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात अल्बर्ट क्लिगमन या नामवंत त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कैद्यांच्या त्वचेवर असंख्य चाचण्या झाल्या. कैद्यांना थोडे पैसे मिळत. आपल्यावर नेमके काय वापरले जात आहे याची पुरेशी माहिती मात्र मिळत नसे. ज्याची गरज मोठी त्याचा होकार स्वस्तात मिळतो, हा धोका धर्मादाय रुग्णालयातही असतो, आणि म्हणूनच तिथले नियम इतर ठिकाणांपेक्षा सैल नव्हे, तर अधिक कडक असायला हवेत. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा वेळोवेळी सुधारला गेला आहे. रुग्णाने सहभाग नाकारला किंवा मध्येच माघार घेतली तरी त्याच्या आणि डॉक्टरच्या नात्यावर परिणाम होता कामा नये, हे त्यात स्पष्ट आहे.

आता आपल्या प्रसंगाविषयी. निदानासाठी तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढणे, म्हणजे बायोप्सी, हा उपचारांचाच भाग आहे. जागा बधिर करून ती काही मिनिटांत होते आणि सहसा एखाद-दुसरा टाका पुरतो. त्याच तुकड्याचा उरलेला भाग अभ्यासासाठी ठेवणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिला निराळी संमती लागते. मात्र संशोधनासाठीच जादा तुकडा घ्यायचा असेल, तर सही आधी घेतली पाहिजे, नंतर नव्हे. म्हणून पहिल्यांदा हेच विचारा की तुकडा कशासाठी काढला होता. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, मला यातून काय मिळेल, त्रास झाल्यास उपचार कोण करील, माझे नाव कुठे नोंदले जाईल, हेही विचारा. कागद घरी नेऊन कोणाकडून तरी वाचून घ्या. घाई करणाऱ्याला नकार द्यावा.

प्रश्न : आमचा ट्रस्ट लहानसा त्वचारोग बाह्यरुग्ण विभाग चालवतो. औषधांनाच पैसे पुरत नाहीत, तिथे संशोधन ही चैन नव्हे का?

संशोधन म्हणजे महागडी प्रयोगशाळा, अशी समजूत असेल तर तसे वाटणे साहजिक आहे. पण दोन उदाहरणे पाहा. पॅरिसचे सेंट लुई रुग्णालय १६०७ मध्ये साथीच्या रुग्णांसाठी स्थापन झाले आणि १८०१ पासून त्वचारोगांकडे वळले. तिथे १८३४ मध्ये रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने खरजेचा किडा सुईच्या टोकावर काढून दाखवला. इतरांना तो सापडत नव्हता, कारण ते फोडातील पाण्यात शोधत होते. किडा असतो तो त्वचेत कोरलेल्या बारीक बोगद्याच्या टोकाला. ही युक्ती रेनुच्चीने आपल्या बेटावरील बायकांकडून पाहिलेली होती. अगदी अलीकडे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले, तेव्हा त्याच्या नाकावरील रक्तवाहिन्यांची गाठ मऊ पडून फिकी होऊ लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले. २००८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि अशा गाठींचा उपचार जगभर बदलला. दोन्ही ठिकाणी शोध लागला तो रुग्णाजवळ.

टांझानियातील मोशी येथे १९९२ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्र तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. तज्ज्ञ डॉक्टर फार थोडे असल्याने तिथे वैद्यकीय साहाय्यकांना त्वचारोगांचे शिक्षण देऊन आपापल्या भागात पाठवले जाते, आणि रंगद्रव्याच्या जन्मजात अभावामुळे उन्हाने कर्करोग होणाऱ्या लोकांसाठी तिथेच सनस्क्रीन तयार केले गेले. तुम्ही केसपेपर नीट ठेवण्यापासून सुरुवात करा. कोणता आजार, किती दिवस, आधी कोणते मलम लावले होते आणि रुग्ण परत आला का, एवढे प्रत्येक वेळी नोंदले तरी वर्षअखेरीस आपली कोणती औषधे लागू पडत नाहीत हे दिसेल. औषधांवरचा वायफळ खर्चही त्यातून कमी होईल.

प्रश्न : देणगी द्यायची आहे. एखादे लेझर यंत्र द्यावे का?

आधी विचारून मगच द्यावे. दुरुस्तीची आणि चालवणाऱ्याची तरतूद नसलेले यंत्र लवकरच कोपऱ्यात जाते. अनेक ठिकाणी खरी चणचण असते ती मलमपट्टीच्या सामानाची, व्हॅसलीनसारख्या साध्या स्निग्ध मलमांची, चांगल्या सूक्ष्मदर्शकाची आणि परिचारिकेच्या पगाराची. कातडीची खरवड घेऊन, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नायट्याची बुरशी थोड्याच वेळात ओळखता येते, आणि रुग्ण स्टेरॉइड मिसळलेल्या चुकीच्या मलमापासून वाचतो. देणगी रोख देणार असाल तर काही भाग रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवण्यास सांगा. उपचार मोफत असूनही पुन्हा येण्याचे भाडे नाही म्हणून मध्येच उपचार सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात.