गाणं संपलं की बळ कुठे जातं?

‘स्फूर्ती देणारं काही ऐकलं की तेवढ्यापुरतं बळ येतं, आणि प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. माझ्यात आत्मविश्वासच नाही का?’ हे मला समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणींनी विचारलंय की त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती चाळिशीच्या आसपासची, एका कारखान्यात हिशेबाचं काम बघणारी. पगार तिच्याच खात्यात जमा व्हायचा, पण एटीएम कार्ड लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या पाकिटात. भाजीला, रिक्षाला पैसे मागायचे आणि वर ‘परवाच दिले होते ना?’ हे ऐकून घ्यायचं. झुंबाच्या वर्गात तिने ग्लोरिया गेनर या अमेरिकन गायिकेचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ (‘मी तरून जाईन’) हे गाणं ऐकलं आणि ते तिला भिडलं. कामावर जाता-येता बसमध्ये तेच कानात. बसमधून उतरताना ठरवायची, आज कार्ड मागायचंच. रात्री ताटं वाढताना शब्द गिळायची आणि मग स्वतःवरच चिडायची. ‘ती बाई बघा मॅडम, कशी खणखणीत गाते! मी मुळातच भित्री.’

सगळ्यात आधी मी विचारलं ते मारहाणीबद्दल, धमक्यांबद्दल. तसं काही असेल तर ‘धीटपणे बोला’ हा सल्लाच धोक्याचा असतो. तिथे आधी सुरक्षित कसं राहायचं ते बघावं लागतं, 181 ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तिच्या घरी तसं नव्हतं. ‘पैशाचं मी बघतो’ हे नवऱ्याने गृहीत धरलं होतं आणि इतकी वर्षं कुणी हटकलं नव्हतं.

मग मी तिला त्या गाण्यातली हकीकत मराठीत सांगायला लावली. ‘ती म्हणते, सुरुवातीला मी घाबरले होते...’ आणि ती थबकली. ‘म्हणजे तीही घाबरलेलीच की!’ गाण्यातल्या बाईने रात्री रडून काढल्यात. सोडून गेलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा तिला चुटपुट लागते ती वेळेवर कुलूप न बदलल्याची. आधी धीर आला आणि मग ती उभी राहिली, असं त्यात कुठेच नाही. गेनर यांचंही तसंच. 1978 साली त्या रंगमंचावर पडल्या, पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि पाठीला आधाराचा पट्टा बांधून त्यांनी हे गाणं म्हटलं. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. क्लबांमधल्या डीजेंनी तबकडी उलटून वाजवली आणि 1979 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः काहीतरी करून पाहिल्यामुळे. दुसऱ्याकडे बघून, कुणी हुरूप दिल्यामुळेही येतो, पण तो कच्चा असतो. गाणं या दुसऱ्या प्रकारात मोडतं. 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांना तर असं आढळलं की ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नाही, त्यांना स्वतःविषयीची चांगली वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आरशासमोर ‘मी खंबीर आहे’ म्हणूनही मन उभारी धरत नसेल, तर दोष त्या बाईचा नाही.

गाणं बंद करा, असं मी म्हटलं नाही. कामं दिली. बँकेत एकटीने जाऊन खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते बघायचं. तो नवऱ्याचा निघाला. तिने अर्ज भरून स्वतःचा लावला आणि पगार जमा झाल्याचा मेसेज पहिल्यांदाच तिच्या फोनवर आला. ते सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता! बँकेतून नवं कार्डही काढता आलं असतं, पण तिला समोर बसून मागायचं होतं.

त्याची आम्ही तालीम केली. मी नवरा झाले. ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ म्हटल्यावर ती लांबलचक समजावत बसली, शेवटी माफीच मागितली. मग छाटत छाटत एवढंच उरलं: ‘अहो, विश्वास आहे. पण कार्ड आता माझ्याकडे राहील.’ पुढे तो काहीही बोलला तरी तेच वाक्य, आवाज न चढवता. बाईच्या कमाईवरच तिला हक्क गाजवू न देणं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ठरू शकतं, हेही तिला सांगून ठेवलं.

रविवारी मुलं क्लासला गेल्यावर ती बोलली. हात थरथरत होते, चहाचा कप खाली ठेवावा लागला. ‘कुणी शिकवलं हे तुला?’ एवढं म्हणून नवरा दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी कार्ड तिच्या हातात दिलं, घुश्शातच.

आता वाद आहे तो घराच्या हप्त्यात कुणी किती भरायचं याचा. पुढच्या वेळी दोघंही येणार आहेत, आणि तिने खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घेतलंय.