वारा, पाणी आणि नवरा

मैदानावरचे, पाण्यातले आणि गुडघ्यांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई जळगावच्या एका शाळेत २६ वर्षं पीटी शिकवून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : माझं वय ४९, सौ.चं ४५. येत्या ऑक्टोबरात लग्नाला २५ वर्षं होतील. पुण्याच्या लेकीने डोक्यात भरवलंय की नुसतं फिरायला जाऊ नका, मॉरिशसला आठ दिवस विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर जाणं, शिकून या. मी लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. सौ.ला पोहता येत नाही, पण हौस माझ्याहून जास्त. एजंट म्हणतो मे महिन्यात जा. भाऊबंद हसताहेत. माझा विचार असा की आधी मी शिकतो आणि मग सौ.ला शिकवतो, म्हणजे एक फी वाचेल. कसं वाटतं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : शेवटून सुरुवात करते. फी वाचवू नका. बायकोला तुम्ही शिकवू नका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी, माझ्या ५१व्या वर्षी, आम्ही दोघं हेच करून आलो. आमच्या ह्यांची १४ वर्षं साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या देखभालीत गेली. त्यामुळे वारा म्हणजे यांच्या घरचा माणूस. विमानात बसल्यापासून व्याख्यान सुरू. त्यातलं एक मात्र मला फार आवडलं. मॉरिशसला जून-जुलैत जो आग्नेयेकडून वाहतो, तोच व्यापारी वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैऋत्य मोसमी होऊन आपल्याकडे येतो. म्हणजे तिकडे जो शीड फुगवतो, त्याचंच भावंड इकडे पवनचक्कीची पाती फिरवतं. "मला वारा कोणी शिकवायचा नाही," असं म्हणून हे ले मॉर्नच्या किनाऱ्यावर उतरले.

ले मॉर्न म्हणजे बेटाच्या नैऋत्य टोकाचा काळा उभा डोंगर. २००८पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या पायथ्याला प्रवाळाची भिंत समुद्र अडवून धरते आणि अलीकडे उथळ, निळं, संथ पाणी राहतं. शिकायला असंच पाणी हवं. आम्हाला उभं केलं तिथे पाणी कमरेइतकं होतं. पडलं की उठून उभं राहायचं, एवढंच. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर लॅक बे नावाचा असाच उथळ उपसागर आहे, पण अमळनेरहून तिथवर जाण्यातच सुट्टी संपेल.

पहिला अर्धा दिवस वाळूवर. बोर्ड सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि ८०-९० सेंटीमीटर रुंद, दाराच्या फळीसारखा. त्याच्या मध्यावर शिडाची काठी एका रबरी सांध्याने बसवलेली असते आणि ती कुठल्याही बाजूला लवते. सुकाणू नाही. काठी पुढे झुकवली की बोर्डाचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे. वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाता येत नाही, साधारण ४५ अंश तिरकं जायचं आणि नागमोडी वर चढायचं. ऐकायला सोपं. यांनी वहीत आकृती काढली.

मग पाणी. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं. बोर्डावर उभं राहून काठीला बांधलेल्या जाड दोरीने ते वर ओढायचं. आता विहिरीतून बादली शेंदलेल्या बाईला सांगायला नको की हे काम दंडाचं नाही. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून अंग मागे टाकायचं. वजन ओढतं, हात फक्त धरून ठेवतात. शिडावर पाणी असेपर्यंत ते भिजलेल्या गोधडीसारखं जड लागतं. मग कडेने पाणी ओघळतं, आणि एका क्षणी काहीच वजन उरत नाही. हा क्षण फसवा असतो. जोर लावून ओढणारा माणूस तेव्हा स्वतःच्याच जोराने मागे आपटतो. आमचे हे पहिल्या सकाळी १७ वेळा आपटले. मी मोजत होते. मी ६ वेळा. आमचा शिक्षक म्हणाला की पुरुषांचं हे नेहमीचंच, त्यांच्या हातात ताकद असते म्हणून ते ती वापरतात.

शीड वर आलं की आधी काठी धरायची, मग आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात. पुढचा हात, मग मागचा. मागचा हात जवळ ओढला की शिडात वारा भरतो, बोर्ड निघतो. मागचा हात सोडला की वारा सांडतो, बोर्ड थांबतो. सौ.ला पहिल्या दिवशी एवढं एकच सांगा : भीती वाटली की मागचा हात सोड. ब्रेक तोच.

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. माझं शीड साडेतीन चौरस मीटरचं, यांचं पाचचं. मी उभी राहून जेमतेम तोल धरतेय आणि ५० फुटांवरून आवाज : "अगं पाठ! पाठ सरळ! वारा कुठून येतोय बघ ना!" स्वतः कमरेपर्यंत पाण्यात, बोर्ड उताणा, आणि मला सांगताहेत. वर्गात साठ पोरांवर ओरडणारी मी, पण त्या क्षणी डोक्यात अशी तिडीक गेली की शीड सोडलं आणि बोर्ड ओढत सरळ किनाऱ्याला आले. जेवणापर्यंत बोलणं बंद.

शिक्षकाला आमची भाषा येत नव्हती, पण त्याला सगळं कळलं. दुपारी त्याने यांना पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि मला एका पंचविशीतल्या मुलीच्या हाती सोपवलं. ती ओरडायची नाही. शेजारी पाण्यात चालायची आणि दोन बोटांनी बूम जरासा वर उचलायची. चौथ्या की पाचव्या खेपेला तिने बोटं काढून घेतली आणि मला कळलंच नाही. बोर्डाखालून आवाज यायला लागला. तापल्या खापरावर पाणी शिंपडल्यावर येतो ना, तसा चर्र. मी काही केलं नाही, नुसती उभी राहिले. असेल ६०-७० मीटर. मग वळायचं कसं ते न आठवल्यामुळे पडले.

तेव्हा दोन शिक्षक घ्या, नाहीतर दोन वेळा ठरवून घ्या. संध्याकाळी किनाऱ्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी राहतं, हा वरचा फायदा.

आता सौ.च्या पोहण्याचं. लाइफ जॅकेट असतंच, तरी ऑक्टोबरपर्यंत जवळच्या तलावात तिला पोहायला शिकवून घ्या (तुम्ही नाही, तिथला शिक्षक). पन्नासेक मीटर जाता आलं पाहिजे, आणि नाकात पाणी गेलं तरी घाबरं न होता उभं राहता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त आहे, कारण विहिरीत पोहलेल्या माणसाला आपण पट्टीचे आहोत असं वाटतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं नसतं. प्रवाळाच्या भिंतीत जिथे खिंड पडलेली असते, तिथून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शिकाऊ माणूस वाऱ्याच्या दिशेने वाहतच जातो, त्यात लाज नाही. पण कुठे वाहायचं ते आधी विचारून ठेवा. आमच्या ह्यांनी पाचव्या दिवशी "वारा पडेल, मग वळतो" असा हिशेब केला. वारा पडला नाही. त्यांना मोटरबोटीने आणावं लागलं. एक शहाणपण मात्र त्यांनी केलं : बोर्ड सोडला नाही. त्यावर बसले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत राहिले, तीच मदतीची खूण. बोर्ड तरंगतो, माणूस दमतो. बोर्ड सोडून पोहत येऊ नका, कितीही पट्टीचे असलात तरी. आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर शिक्षकाविना उतरूच नका. किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसतं तेव्हाच तो तुम्हाला आत नेतो.

कधी जायचं? एजंट अगदीच चुकीचं सांगत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचे दिवस. जुलै-ऑगस्टचा वारा शिकलेल्यांचा, आम्ही जुलैत जाऊन ते भोगलं. मे चालेल, पण मेपर्यंत सौ.चं पोहणं होणार नाही. ऑक्टोबरच ठेवा, सकाळची वेळ मागा. वारा तेव्हा जरा मऊ असतो. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून आपण आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने कपडे भरतो. तिकडे जुलैत पाणी २३ अंशांच्या आसपास, वर वारा. ४५ अंशांत राहणारी आपण माणसं तासाभरात कुडकुडतो. विंडसर्फिंग शिकवणाऱ्या शाळेकडून रबरी सूट मागून घ्या. पायात पाण्यातले बूट हवेतच, प्रवाळ कापतो आणि समुद्री साळिंदराचे (तळाशी बसणारा गोल काटेरी जीव) काटे तळव्यात मोडतात. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट घ्या. तळहातांना दुसऱ्या दिवशी फोड येतात, चिकटपट्टी न्या. प्रवासाच्या विम्यात पाण्यातले खेळ धरलेत का, ते आधी वाचा.

खाण्याची काळजी नको. रस्त्यावर डालपुरी मिळते, आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण, पण गोड नाही, वर रस्सा आणि मिरची. मी रोज खाल्ली. तरी बिबडे (ज्वारीचे पापड) नेलेच होते. ते शिक्षकाने संपवले.

प्रश्न : मुलगा-सून ऐन श्रावणात त्या वाऱ्याच्या खेळासाठी बेटावर निघालेत. कानबाईच्या सणाला, रोटांच्या नैवेद्याला घरात नसणार. सून म्हणते तिकिटं काढली. शिवाय तिथे कपडे काय घालावे लागतात, देव जाणे. मी बोलू की गप्प बसू?
– एक सासूबाई, चोपडा

उत्तर : ताई, कपड्यांचं आधी. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा सूट असतो, थंडीसाठीच. आपल्या आज्या नऊवारीचा काष्टा मारून नदीत उतरायच्या, त्याहून अंग जास्त झाकलेलं राहतं.

कानबाईचं वाईट वाटणारच, मलाही वाटलं असतं. ते सरळ सांगा, पण तिकिटं निघाल्यावर सांगून सुनेचा प्रवास कडू करू नका. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच सांगून ठेवा. आमच्या वेळी माझी आई नव्वदीला टेकली होती. तिने एवढंच विचारलं, "पानीमा कसाले जास वं माय, घरमा नळ नही शे का?" आणि मग शेजारणींना सांगत फिरली की पोर समुद्रावर उभी राहते.

आणखी एक. कोकणातून गेलेली मराठी माणसं तिकडे १९व्या शतकापासून नांदताहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. देवधर्म बुडेल अशी जागा नाही ती.

प्रश्न : मॅडम, परदेशाचे पैसे नाहीत. मित्राकडे जुना बोर्ड आहे, ताडपत्रीचं शीड शिवून घेऊ. वाघूर धरणावर सुरू करू का? घरचे म्हणतात हा खेळच नाही, श्रीमंतांचे चोचले.
– वय २०, जळगाव

उत्तर : घरच्यांना सांग, पुरुषांचं विंडसर्फिंग १९८४पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि बायकांचं १९९२पासून. बाकी घरच्यांचं ऐक. वाघूरवर नको.

धरणाच्या पाण्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही. बुडालेल्या बाभळी, विहिरींचे कठडे, जाळी. वारा टेकड्यांवरून अडखळत येतो, एक झोत आणि मग काहीच नाही. शिकायला लागतो तो एकसारखा वारा. तुला आणायला बोट नाही. पाटबंधारे खात्याची परवानगी नाही. आणि ताडपत्री ओली झाली की वर येत नाही, माझं लिहून ठेव.

गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे चौकशी कर, रेल्वेने जा, सुट्टीत राहा. तोवर पोहणं पक्कं कर आणि बादली शेंदायला लाग. मळ्यात विहीर नसेल तर मेहरूणच्या तलावाकाठी जाऊन रोज अर्धा तास नुसतं बघ, पाण्यावर वाऱ्याचा काळसर पट्टा कुठून सरकत येतो ते. आमच्या ह्यांना पवनचक्क्यांवर १४ वर्षं काढून तो दिसला नव्हता. मोटरबोटीतून परत येताना दिसला.