ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी आम्हाला विचारून खर्च व्हावा, यासाठी काय करावे?

आपल्या गावात 14 दिव्यांग आहेत, ग्रामपंचायत दरवर्षी 5 टक्के निधी खर्ची टाकते, पण त्यातून काय करायचे हे सरपंच आणि ग्रामसेवक परस्पर ठरवतात. तेव्हा नोंदणीकृत संघटना काढली तर आमचे ऐकतील का, असे आपण विचारले आहे. संघटनेचे शेवटी पाहू. आधी आमच्या गावच्या रॅम्पची हकिकत सांगतो, कारण आपला प्रश्न वाचल्यापासून मला दुसरे काही सुचलेले नाही.

माझ्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर (पायाला बांधायचा ताठ आधार) आणि एक कुबडी यांवर माझे चालणे आहे आणि खिशात दिव्यांगांचे पिवळ्या पट्ट्याचे ओळखपत्र आहे. आमच्या ग्रामपंचायत कार्यालयाचे जोते दीड फूट उंच असून पुढे तीन पायऱ्या होत्या. डाव्या हाताने भिंत धरून मी त्या कोणाच्याही मदतीशिवाय चढत असे. 2019 साली दिव्यांग निधी शिल्लक आहे असे लक्षात आल्यावर त्या पायऱ्यांवरच रॅम्प बांधण्यात आला. गावातील अकरा दिव्यांगांपैकी एकालाही विचारले नव्हते. दीड फूट उंचीसाठी उताराची लांबी होती सहा फूट. रॅम्पला एकास बारा हे प्रमाण लागते, म्हणजे तेथे अठरा फूट हवे होते. वर चकचकीत फरशी बसवली होती, जी आतल्या खोलीसाठी आणलेल्यातून उरली होती. कठडा नव्हता.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, नारळ फोडून उद्घाटन झाले आणि छायाचित्रासाठी सर्वप्रथम मी चढावे असे ठरले. कॅलिपरमध्ये गुडघा ताठ अडकवलेला असतो आणि घोट्यालाही फारशी हालचाल नसते, त्यामुळे खड्या चढावर पाऊल टेकत नाही, टाच अधांतरी राहते. आणि कुबडीचे रबरी बूच त्या फरशीवर असे सरकत होते जसे शेवाळावर. दुसऱ्याच पावलाला मी बसलो असतो, पण दोघांनी काखेत हात घालून मला उचलले आणि वर नेऊन उभे केले. ते छायाचित्र अजूनही कार्यालयात लावलेले आहे. त्यात मी हसतो आहे आणि पाहणाऱ्याला वाटेल की मी चालत वर आलो. वस्तुस्थिती अशी की त्या दिवसापर्यंत मी एकटा आत जात होतो, त्या दिवसापासून जाऊ शकलो नाही, आणि हे घडवून आणण्यासाठी माझ्याच नावाचा निधी खर्च झाला होता.

आमचे चुलत बंधू त्या वेळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते. मी त्यांना दादा म्हणतो. त्या संध्याकाळी मी उताराचे मोजमाप सांगू लागताच ते म्हणाले, "अरे, धर्माच्या गाईचे दात कशाला मोजतोस? मिळते आहे ते घ्यावे." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, ते आता देतो. ही गाय धर्माची नाही. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते, ग्रामपंचायतींसाठी ते 2018 मध्ये वाढले. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी वगैरे. घर माझ्या नावावर आहे आणि त्या वर्षीची घरपट्टी मी मुदतीत भरलेली होती. ज्या गाईच्या वैरणीला मीही पैसे दिले, तिचे दात मोजण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

दादांचा दुसरा मुद्दा असा होता की विचारत बसले तर कामे होत नाहीत. माझे मत याच्या अगदी उलट आहे: न विचारता झालेले काम दोनदा करावे लागते. आमचा रॅम्प पुढे तोडावा लागला आणि तोडण्याची मजुरी वेगळी पडली. शिवाय विचारणे हा कोणाचा मोठेपणा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्याच्या चौथ्याच कलमात लिहिले आहे की आमच्याविषयीचे कायदे आणि धोरणे आखताना आमच्याशी आणि आमच्या संघटनांशी सल्लामसलत करावी. त्यानंतर आलेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात राज्य सल्लागार मंडळापासून जिल्हा समितीपर्यंत रचना सांगितली आहे. गावपातळीवर मात्र ग्रामसभेखेरीज आपल्याला हक्काची जागा नाही, म्हणून ती सोडू नये.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी सुताराची टेप घेऊन गेलो आणि सभा अंगणात असल्यामुळे सर्वांसमक्ष रॅम्प मोजला. काही जण हसले. उपस्थित शाखा अभियंत्यांनी, "ती प्रमाणे केवळ मार्गदर्शक आहेत," असे सांगून विषय संपवला. त्या काळी हे उत्तर सर्रास मिळत असे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच अधिनियमाखालील सुगम्यतेविषयीच्या (म्हणजे इमारती वगैरे दिव्यांगांना वापरता येण्याविषयीच्या) नियम 15(1) ला अवैध ठरवले आणि मानके ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा, असे केंद्र सरकारला बजावले. तेव्हा आज कोणी 'मार्गदर्शक' हा शब्द वापरलाच तर या निकालाची तारीख सांगावी. त्या सभेत माझे एवढेच साधले की मोजमाप इतिवृत्तात लिहून घेतले गेले. पण पुढे सर्व काही त्या दोन ओळींवरच उभे राहिले.

पुढच्या अंदाजपत्रकाआधी आम्ही अकराही जण, म्हणजे जे येऊ शकत होते ते स्वतः आणि बाकीच्यांच्या घरची माणसे, माझ्या पडवीत बसलो. रॅम्प हा विषय माझ्याशिवाय दोघांनाच महत्त्वाचा वाटला. आमच्या आळीतील एका अंध गृहस्थांना त्यांच्या दारापासून एसटी थांब्यापर्यंतच्या उघड्या गटारावर झाकणे हवी होती, कारण ते त्यात दोनदा पडले होते. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईला वस्तू काहीच नको होती. मजुरीला गेल्यावर दुपारी तीन तास मुलाजवळ कोणीतरी बसावे, एवढेच तिचे मागणे होते. ते खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली बसवायचे हे आम्हाला आजतागायत सापडलेले नाही. झाकणे मात्र झाली, आणि तीही रॅम्पपेक्षा कमी पैशांत.

येथे माझी चूक सांगितली पाहिजे, नाहीतर दादा सांगतील. त्या बैठकीत एक कर्णबधिर मुलगी होती. ती भिंतीला टेकून बसली होती, आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो, आणि यादी करताना तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने 'श्रवणयंत्र' असे लिहिले. यंत्र मंजूर झाले, आणले, वाटप झाले. नंतर तिच्या बहिणीकडून कळले की तसलेच एक यंत्र आधीपासून कपाटात पडून आहे, कारण ते कानात शिटी मारते आणि डोके दुखवते. तिला शिवणाच्या वर्गाची फी हवी होती. हे समजल्यावर दादांनी विचारले, "मग तुझ्यात आणि आमच्यात फरक काय?" प्रश्न रास्त होता. फरक इतकाच की पुढच्या वर्षीच्या बैठकीत तिची बहीण खुणांनी सांगायला शेजारी बसली होती, आणि यादीवर त्या मुलीची स्वतःची सही होती. रॅम्पच्या कागदावर माझी सही कोणी मागितली नव्हती.

आता आपल्याला करता येण्यासारखे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागील तीन वर्षांचे स्वउत्पन्न, त्याच्या 5 टक्के होणारी रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि अखर्चित शिल्लक मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1 कागदावर उतरल्यानंतर बोलून उपयोग नसतो, म्हणून दिवाळी झाली की आपली यादी लेखी द्या आणि पोच घ्या. 2 ऑक्टोबरची आणि 26 जानेवारीची ग्रामसभा चुकवू नका. ठराव इतिवृत्तात आला की नाही हे त्याच दिवशी वाचून पाहा. मागणी 'निधी द्या' अशी नसावी, तर 'यादी दिव्यांगांच्या बैठकीत ठरेल आणि त्यांच्या सह्यांशिवाय खर्च होणार नाही' असा ठराव मागा. पहिल्या मागणीला होकार देणे सोपे असते, आणि मग रॅम्प येतो.

पेन्शनच्या आंदोलनांविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण आमच्या तालुक्यातील कार्यकर्त्यांशी माझा हा जुना वाद आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान ऑक्टोबर 2025 पासून 1500 वरून 2500 रुपये झाले. त्याच वर्षी जूनमध्ये मोझरीच्या उपोषणात बच्चू कडूंची मागणी 6000 ची होती, आणि रस्त्यावर कोणी बसले नसते तर 2500 देखील झाले नसते, हे मी मान्य करतो. पण 2016 च्या अधिनियमाचे कलम 24 सांगते की दिव्यांगांना अशा योजनांत इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक साहाय्य असावे. 1500 वर ते 1875 होते, आणि तरीही 2023 पासून दोन वर्षे सर्वांना सारखेच 1500 मिळत राहिले. कलमात आर्थिक क्षमतेची पळवाट आहे, हेही खरे. तरी अंदाज बांधणाऱ्या टेबलाशी आपला माणूस असता, तर निदान हे कलम कोणीतरी वाचून दाखवले असते. मोर्चात हजार माणसे हवीत आणि बैठकीत एक. आमचे कार्यकर्ते त्या एकासाठी कधी अडून बसत नाहीत, याचा मला राग आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. लहान गावाचा हा निधी लहानच असतो. स्वउत्पन्न चार लाख असेल तर 5 टक्के म्हणजे वीस हजार, आणि चौदा जणांत ते वाटून कोणाचेच भागणार नाही. सामायिक कामात घातले तरच काही दिसेल. सर्व ग्रामसेवक आमच्या गावच्या ग्रामसेवकासारखेच असतात असेही नाही (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). नगरपालिकेचा अनुभव मला नाही.

संघटनेची नोंदणी आवश्यक नाही. ग्रामसभेत बसायला गावच्या मतदार यादीतले नाव पुरते. आमचा नवा रॅम्प भिंतीच्या कडेने वळवून अठरा फुटांचा झाला, बाजूच्या तीन पायऱ्या परत आल्या, लोखंडी पाइपचा कठडाही लागला, आणि तो मोजायला दादा स्वतः आले होते. आपण सभेला जाल तेव्हा टेप घरूनच न्या. आमच्याकडे ग्रामपंचायतीची टेप ऐन वेळी सापडली नव्हती.