दिवसभर कामावर फोनवर गोड बोलते आणि घरी आले की चिडचिड, मी दुटप्पी आहे का?

अजिबात नाही गं, याला समाजशास्त्रात चक्क नाव आहे, भावनिक श्रम. आर्ली हॉकशील्ड म्हणून अमेरिकन बाई आहेत, त्यांनी १९८३ मध्ये एअर होस्टेसचा अभ्यास करून मांडलं की पगारात तुमचं हसूपण धरलेलं असतं. त्यात दोन प्रकार, एक म्हणजे वरवर हसायचं, आत काहीही असो, आणि दुसरा म्हणजे तसं खरंच वाटून घ्यायचं, ट्रेनिंगमध्ये सांगायचे की विमान म्हणजे तुमचं घर आणि प्रवासी म्हणजे पाहुणे समजा. दुसऱ्यात डेंजर हे, की मग आपलं खरं काय तेच कळेनासं होऊ शकतं. वसुलीवाल्यांचं उलटं, त्यांना राग दाखवायचे पैसे, हे पण त्यांनीच लिहिलंय.

मी ऐरोलीला दोन वर्षं कस्टमर केअरला होते, शिव्या खाऊन 'सॉरी सर' म्हणायचं आणि ठाणे लोकलमध्ये बसलं की आईचा फोनसुद्धा उचलायची नाही, घरी गेल्यावर ती म्हणायची सगळा गोडवा तिकडेच सांडून येतेस का! बरोबरच होतं तिचं. मी मग लोकलमधून उतरल्यावर ठाण्यातच तलावपाळीला तळ्याकाठी अर्धा तास एकटीच बसायचे, कोणाशी न बोलता, मगच घर.